सूप डाव्या मांडीवर

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. कलावतीला, माझ्या बायकोला, तर नाहीच — आणि खरं म्हणजे तिलाच बोलायचं होतं. आता ती नाही. मग तुम्हाला का सांगतो? माहीत नाही. बसा जरा.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण आमच्या चाळीत छापील कागद वाचणारा मी एकटा, आणि त्याची मला लई घमेंड. कुणाचं पत्र आलं, गिरणीची नोटीस आली, की माणूस माझ्या दारात. कलावतीला अक्षर येत नव्हतं. ती बायकांना सांगायची, "आमच्यांनी वाचलंय म्हणल्यावर ते तसंच असणार की."

आणीबाणी यायला अजून दोन-तीन वर्षं होती. हे मुद्दाम सांगतो. नाहीतर तुम्ही म्हणाल, तेव्हा काय, सगळ्यांवरच जबरदस्ती होती. माझ्यावर कुणाचीच नव्हती.

मी मूळचा केम गावचा. पोरवयात बैल बडवताना, म्हणजे खच्ची करताना, पाय धरायला मी असायचो. सोलापुरात येऊन गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर लागलो, तरी तो बैलाचा आवाज डोक्यातून गेला नाही. चुलतभाऊ दत्तूनं गावाकडच्या कॅम्पात नसबंदी करून घेतली, तेव्हा भर लग्नाच्या पंगतीत मी वाढप्याला म्हणालो, "दत्तूला दोन घास जास्त वाढ. बडवलेल्या बैलाला वैरण लई लागती." सगळी पंगत हसली. दत्तू खाली मान घालून जेवला. आता ज्यानं असं बोलून ठेवलंय, त्यानं स्वतः त्या टेबलावर कसं झोपायचं? — हे कारण म्हणून सांगत नाही. मी कसा होतो ते सांगतो.

चौथं मूल झालं. विम्याच्या दवाखान्यात — गिरणी कामगाराच्या पगारातून विमा कापला जायचा, त्याचा तो दवाखाना — डॉक्टरीणबाईंनी मला एकट्याला आत घेतलं. म्हणाल्या, हिच्या अंगात रक्त नाही. हिला पुन्हा दिवस जाता कामा नयेत, आणि हिला चिरायचंही बरं नाही. तुम्हीच करून घ्या, पुरुषाचं सोपं असतं. विम्यात सगळं बसतं, वर आठवडाभर भरपगारी रजा. एक छापील कागद हातात दिला. मी तो तिथंच उभ्यानं वाचला. त्यात पुरुषाचं वर होतं, बाईचं खाली.

बाहेर कलावती बाकावर, मांडीवर तान्हं.

"काय म्हणल्या?"

मी कागद तिच्यापुढं धरला. ओळीवर बोट ठेवून दाखवलं — तिला कुठं वाचता येत होतं? म्हणालो, "बाप्याचं विम्यात बसत न्हाय. बाईचंच बसतं."

तिनं त्या ओळीकडं बघितलं. मग म्हणाली, "मग माझं करू की. त्यात काय एवढं."

एवढंच. एवढ्याशा वाक्यापाशी यायला मी किती फिरून आलो बघा.

डॉक्टरीणबाईंना सांगितलं, तिचीच इच्छा आहे, माझं ऐकत नाही. त्यांनी माझ्याकडं बघितलं. दोन महिने तिला रक्ताच्या गोळ्या दिल्या, मग केलं. कागदावर तिचा अंगठा, खाली माझी सही. ठसठशीत केली. टाक्यात पू झाला. आठवड्यात घरी यायची ती महिन्यानं आली, भिंतीला धरून.

आणि ती नळावर सगळ्या बायकांना सांगत राहिली — बाप्याचं बसत न्हाय, आमच्यांनी कागद वाचलाय. बायकांनी आपापल्या घरी विचारलं असणार. ते सगळे गिरणीतलेच, खरं काय ते ठाऊक असलेले. एकानंही मला खोटं पाडलं नाही. शेजारचा विरूपाक्ष साचेखात्यात पाठीवर थाप मारून म्हणाला, "बरं वाचलास की बे कागद." पुढच्या महिन्यात त्याची बायको नागव्वा ऑपरेशनला गेली. मग आणखी दोघी. तेव्हा लाज वाटायला हवी होती ना? मला मान मिळाल्यासारखं वाटलं.

बोलायची वेळ आली नाही असं नाही. धाकट्या जावयानं आपलं ऑपरेशन करून घेतलं, तेव्हा कलावती कौतुकानं त्याला म्हणाली, "आमच्या टायमाला विम्यात बसत न्हवतं. न्हाईतर ह्यांनीबी केलं असतं." मी तिथंच सुपारी कातरत होतो. जावयानं माझ्याकडं बघितलं. मी कातरत राहिलो.

तिला कधी कळलं का? कळूनही ती तसं म्हणाली का? विचारायचं धाडस झालं नाही, आणि आता विचारायचं कुणाला.

ती विड्या वळायची. मांडी घालायची, सूप मांडीवर, त्यात पानं आणि तंबाखू. त्या टाक्यानंतर सरळ वाकलं की उजवीकडं ओढ लागायची, म्हणून सूप डाव्या मांडीवर सरकवून तिरकी बसायची. शेवटपर्यंत तशीच.

थोरली लेक तिच्याशेजारी बसून विड्या शिकली. आजही वळते. तीही सूप डाव्या मांडीवर घेऊन तिरकी बसते. तिला काही दुखत नाही. तिला वाटतं, विड्या वळताना असंच बसायचं असतं.