चार हिवाळ्यांचा झगा

समुद्रापारच्या फ्रेंच वसाहतीतल्या लाशीन गावात नदीवरचं बर्फ फुटलं की होड्या जात, आणि होड्यांबरोबर गावातले नवरे. वर पश्चिमेच्या जंगलात कातडी गोळा करायला. मागे उरत बायका, पोरं, कोंबड्या आणि पाद्रीबाबा.

स्कोलास्तिकचा नवरा तूसाँ निघाला तेव्हा त्याने तिच्या खांद्यावर बीव्हर या दाट लवेच्या पाणप्राण्याच्या आठ कातड्यांचा झगा टाकला.

“हा वापर. वापरून याचे राठ केस गळतात, अंगाचं तेल मुरतं, आतली लव लोण्यासारखी होते. पॅरिसचे टोप्या बनवणारे असल्याच कातड्यावर जीव टाकतात. हा तयार झाला की विकू, जमिनीचा तुकडा घेऊ. मग मी वल्ह्याला हात लावणार नाही.”

“शपथ घे.”

“संत आनची शपथ!”

झालं. स्कोलास्तिकने झगा चढवला तो उतरवलाच नाही. झग्यातच ती वाटाण्याचं सूप ढवळी, झग्यातच गाईची धार काढी. तेल मुरावं म्हणून डुकराच्या चरबीचे हातही त्यालाच पुशी. बोलायला घरात पाच वर्षांची लेक फेलिसिते आणि हा झगा, एवढेच दोघे. त्यांतला झगा जास्त ऐकून घेई.

चर्चमध्ये शेजारीण बाबेत ओरडली, “सरका गं, अस्वल आलं!”

“अस्वलाला निदान हिवाळाभर झोपायला मिळतं,” स्कोलास्तिक म्हणाली. “मला तुझी बडबड ऐकावी लागते.”

दोन हिवाळे गेले. परतणाऱ्या होड्यांबरोबर तूसाँचा निरोप येई, ‘पुढच्या वर्षी.’ झग्याचा मात्र एक केस गळेना. तिने संत आनपुढे मेणबत्ती लावली. केस गळावेत म्हणून नवस करणारी जगात ही एकटीच बाई असावी.

मग एकदा नदीपलीकडच्या मोहॉक आदिवासींच्या वस्तीतली म्हातारी टोपल्या विकायला आली. झगा बघून ती जी हसत सुटली ती खालीच बसली.

“उलटा घातलायस, पोरी! केस आत हवेत. अंगाला घासतील तेव्हा गळतील ना? तू तर त्यांना हवा खायला घेऊन हिंडतेयस!”

सरदारणी केस बाहेर ठेवून मिरवतात, म्हणून हिनेही मिरवले होते. म्हातारी गेल्यावर स्कोलास्तिक कांदा चिरायला बसली आणि जरुरीपेक्षा बरेच कांदे चिरले. तिच्या हिशेबी तूसाँ आला नव्हता तो तिच्याच मूर्खपणामुळे.

पुढचे दोन हिवाळे केस आत. अंगाला अशी खाज सुटे की दाराच्या चौकटीला पाठ घासत ती उभी राही. पण केस गळले. लव उघडी पडली, मऊ, सोनेरी.

त्या शरदात तूसाँ खरंच आला. दारातच त्याने झग्यावर हात फिरवला, लवेवर फुंकर मारली.

“व्वा! काय चीज झालीय!” मग वर बघून, “बरी आहेस ना?”

झगा विकला. जमीन काही आली नाही. त्या पैशांत नव्या होडीत तूसाँची भागीदारी आली. वर त्याने गाठोड्यातून दुसरा कोरा झगा काढला. “तुझ्यासारखं हे काम कुणाला जमत नाही बघ.”

स्कोलास्तिकने झगा हातात घेतला, केस आत केले आणि त्याच्याच खांद्यांवर टाकला.

“आता तुझी पाळी. घरात बसून.”

तूसाँ खदाखदा हसला आणि खरंच बसला. चुलीपाशी खाजवत, फेलिसितेला गोष्टी सांगत. तो हिवाळा फार लवकर संपला. एप्रिलमध्ये नदी कडकडली तशी त्याने झगा खुंटीला अडकवला.

“अजून वर्षं जायचीत त्याला,” ती म्हणाली.

“मग तू घाल ना.”

“माझी पाठ सोलून निघालीय.”

तो हसला, तिच्या कपाळावर ओठ टेकवले आणि मे महिन्यात गेला.

होड्या वळणाआड गेल्यावर ती घरी आली, झगा खाली काढला आणि कात्री घेतली. फेलिसिते आता दहा वर्षांची होती. तिला टोपी आणि हातमोजे हवेच होते.

“आई, बाबा येऊन विचारतील की!”

“विचारायला तरी येतील,” स्कोलास्तिक म्हणाली, आणि शिवण उसवायला लागली.