सीटखालची निरगाठ

फरीदाबादेत मशीन बंद पडलं की पहिला शब्द निघतो तो ‘डायरेक्ट’. स्विच गेला, डायरेक्ट कर दो. रिले गेला, डायरेक्ट कर दो. म्हणजे मधली वस्तू काढून टाकायची, दोन वायरी एकमेकींना जोडायच्या आणि मोकळं व्हायचं. मी आयुष्यभर छोट्या लोडरची, छोट्या खोदाई मशिनांची वायरिंग बघत आलो. माणूस वाचवणारा स्विच कधी डायरेक्ट केला नाही. शाळा चौथीत सुटली, पण एवढं मला कळतं. लोक याला हट्ट म्हणतात. म्हणू देत.

गेल्या उन्हाळ्यात माझ्याकडे एकच गिऱ्हाईक उरलं होतं. गल्लीबोळातल्या नाल्यांची कामं घेणारा एक ठेकेदार. त्याचा लोडर जुना, कॉम्प्युटर नसलेला, म्हणून तो मला बोलवायचा. बाकीच्यांनी नवी मशिनं घेतली, त्यांना लॅपटॉपवाला लागतो. माझा मुलगा तसाच लॅपटॉपवाला, एका कंपनीच्या सर्विसमध्ये. बाप या वयात स्कूटरला पिशवी लटकवून साइटवर जातो हे त्याला खपत नाही. शेवटी आमचं ठरलं होतं की हा ठेकेदार आहे तोवर मी जाणार, तो सुटला की घरी बसणार. तो सुटू नये एवढंच मला हवं होतं.

लोडरची तक्रार अशी, की भरलेलं बकेट वर नेताना ते उचलणारे लोडरचे दोन हात मध्येच अडकायचे. थोड्या वेळानं आपोआप चालू. मी बॅटरी बघितली, अर्थिंग बघितलं, फ्यूज बघितले. सगळं ठीक. मग सीट उचलून सीटखालच्या स्विचच्या वायरीला माझा टेस्ट लॅम्प लावला आणि ऑपरेटरला म्हटलं, “बैठ, और ज़रा हिल.”

“नाचूँ क्या चाचा?”

“नाच.”

तो सीटवर उड्या मारायला लागला आणि लॅम्प मिचमिचायला लागला. सापडला. आत शिरलेल्या सिमेंटच्या धुळीनं स्विचचे पॉइंट खाल्ले होते. माणूस सीटवर बसलेला असेल तरच लोडरचे हात हलू द्यायचे, हे त्या स्विचचं काम. या मशिनातून उतरायचं तर त्या दोन हातांच्या मधून, बकेटवरून उतरावं लागतं. उतरताना पाय लिव्हरला लागला आणि स्विच नसेल, तर वरचं बकेट माणसावरच येतं.

ठेकेदार म्हणाला, “चाचा, डायरेक्ट कर दो. काम रुका पड़ा है.”

“नया स्विच लाता हूँ.”

“अरे, नया आएगा तब तक बारिश आ जाएगी.”

“आने दो.”

तो हसला, पण वरवरचं. मी दिल्लीला काश्मिरी गेटच्या स्पेअर पार्टच्या बाजारात फिरलो. तिथंही दुकानदार मला डायरेक्टच शिकवत होते. शेवटी एकाकडे स्विच मिळाला आणि मी परत साइटवर गेलो, तर लोडर चालू. मस्त चालू. ऑपरेटर माझ्याकडे बघेना.

मी मशीन बंद करायला लावलं, सीट उचलली. स्विचच्या जागी वायर आरपार जोडलेली. पण काम असं साफ, की मी बघतच राहिलो. टेप खालून वर गुंडाळलेली, कौलांसारखी, म्हणजे पाणी आत शिरत नाही. आणि टेपच्या टोकावर मेणाचा दोरा बांधून निरगाठ मारलेली. इथल्या उन्हात टेपचा गोंद वितळतो आणि टोक सुटतं, म्हणून मी दोरा बांधतो. इथं दुसरं कोणी बांधत नाही. मी एकालाच शिकवलं होतं, तो शाळेत असताना, आमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर.

नवा स्विच पिशवीतच ठेवला, सीट खाली टाकली आणि घरी गेलो.

मुलगा जेवायला बसला होता. मी विचारलं, “सीटखाली तू हात घातलास?”

त्यानं घास खाली ठेवला. “कोण बोललं?”

“तुझी निरगाठ बोलली.”

“माझी काय?”

इकडे हिंदीत वाढलेला. गाठ मारतो, पण तिचं नाव त्याला येत नाही. “तो दोरा,” मी म्हटलं.

“यार बाबा, तो ठेकेदार दुसरा माणूस शोधत होता. मला फोन केला त्यानं. मी बोललो, बाबांचं काम आहे, मी करून देतो. नाहीतर गेला असता ना तो तुमच्या हातातून.”

“माझ्यासाठी केलंस?”

“और किसके लिए?”

रागवावं तर तो माझ्याच बाजूनं बोलत होता. मी एवढंच म्हटलं, “तुला लोडरमधून कसं उतरतात ते माहीत आहे.”

“माहीत आहे. सगळे असंच चालवतात. काही होत नाही.”

दुसऱ्या दिवशी जाऊन मी ती गाठ कापली. सोडवून सुटणारी नव्हती, चांगली मारली होती. नवा स्विच बसवला, ऑपरेटरला सीटवरून उठवलं, हात थांबतात का बघितलं. थांबले. काम पक्कं झालं होतं.

ऑपरेटर तोंड वाकडं करून म्हणाला, “अब कोना देखने को ज़रा उठो तो बंद. वो वाला बढ़िया था.”

ठेकेदारानं त्याचं ऐकलं, मग माझ्याकडे वळला. “चाचा, आपसे चलती मशीन बंद करने को किसने कहा था?”

“मैंने कहा था.”

“तो फिर अपनी ही मशीन ले लो,” म्हणाला आणि हात जोडले. नमस्कारासाठी नाही, निरोपासाठी.

मुलानं एका शब्दानं टोमणा मारला नाही. टेस्ट लॅम्पची पिशवी त्यानं स्वतः माळ्यावर ठेवली. टोमणा मारला असता तर मला बरं वाटलं असतं, भांडायला तरी मिळालं असतं.

आता मी भाजी आणतो. परवा बाजाराच्या मागच्या नाल्यावर तोच लोडर दिसला. ऑपरेटर सीटवरून उठून, बाहेर मान काढून कोपरा बघत होता, आणि तरी लोडरचे हात वर चालले होते. अडत नव्हते.

ठेकेदारानं लांबून हाक दिली, “राम राम चाचा! मशीन एकदम फर्स्ट क्लास!”

मी मान हलवली. अजून काही झालेलं नाही. कदाचित होणारही नाही, आणि मग मी एक हट्टी म्हातारा होतो एवढंच राहील. जवळ जाऊन सीट उचलायला लावली असती तर कळलं असतं, की पुन्हा डायरेक्ट कोणी केलंय, आत नुसती टेप आहे की टोकावर दोराही आहे.

गेलो नाही. भाजी घेऊन घरी आलो. रात्री जेवताना मुलानं विचारलं, “आज कुठं गेलात?” मी म्हटलं, “कुठंच नाही.”