बारा ऑगस्टची पहाट

बार्बाडोसला जायला भारतीय माणसाला व्हिसा लागत नाही हे कळलं तेव्हा सरोजिनीबाईंना थोडा रागच आला. पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाचं बेट, आणि दारात कुणी अडवत नाही. परतीचं तिकीट दाखवा, कुणाकडे उतरणार तो पत्ता लिहा, या. त्यांच्या मुलाला, विहंगलाही, असंच कुणी अडवलं नव्हतं.

अडवणूक होती ती मध्ये, लंडनला. तिथे फक्त विमान बदलायचं, तरी त्या काही तासांसाठी वेगळा व्हिसा. त्यासाठी अहमदाबादला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे, बँकेची पासबुकं दाखवायची, पेन्शनचा कागद द्यायचा. हे सगळं त्यांनी मे महिन्यात, बडोद्याच्या भर उन्हात, मांजलपूरहून बस आणि रिक्षा करत एकटीनं केलं. वय बासष्ट. याआधी विमानात बसल्या होत्या एकदाच, शाळेच्या मैत्रिणींबरोबर काठमांडूला जाताना.

शाळेत त्या भूगोल शिकवायच्या. मराठी शाळा, शेवटी वर्गात अकरा मुलं उरली तेव्हा त्या निवृत्त झाल्या आणि दोन वर्षांनी शाळाच बंद झाली. सातवीच्या मुलांना त्या वर्गात गोल उभं करायच्या, मध्ये एकाच्या हातात टॉर्च द्यायच्या आणि विचारायच्या, “आता सांगा, बडोद्यात कोणाची आई चहा करतेय आणि न्यूयॉर्कमध्ये कोण झोपलंय?” त्यांचा स्वतःचा मुलगाही याच वर्गात बसला होता. टॉर्च धरायला तो नेहमी पहिला हात वर करायचा.

तोच पुढे इंजिनिअर होऊन वाघोडियाच्या एका कारखान्यात लागला. कारखान्यानं बनवलेले ट्रान्सफॉर्मर बार्बाडोसच्या एका वीजकेंद्रात बसवायचे होते, म्हणून चार महिन्यांसाठी गेला. तिसऱ्या महिन्यात समुद्रात पोहायला गेला आणि बुडाला. सत्ताविसाव्या वर्षी.

फोन आला तो बारा ऑगस्टला, पहाटे साडेपाचला. कारखान्यातला साहेब म्हणाला होता, “थोड्या वेळापूर्वीच.” सरोजिनीबाईंच्या खिडकीत तेव्हा नुकतं उजाडत होतं, समोरच्या सोसायटीत कुणाचा तरी नळ वाहत होता. त्या उजेडातच त्यांनी मनात तो समुद्र पाहिला. पुढे अकरा दिवसांनी शवपेटी आली, खासवाडीच्या स्मशानात सगळं उरकलं, माणसं आली नि गेली. पण तो उजेड काही गेला नाही. दर महिन्याच्या बारा तारखेला त्या चार वाजता उठायच्या, समई लावायच्या आणि उजाडेपर्यंत खिडकीशी बसायच्या. विहंगच्या कागदांची निळी फाईल नवऱ्याकडे, रमाकांतरावांकडे होती. ती सरोजिनीबाईंनी एकदाही उघडली नव्हती.

जायचं हे त्यांनी फेब्रुवारीत सांगितलं.

“वर्षश्राद्ध घरी व्हायचं,” रमाकांतराव म्हणाले. “तिथीला. तू तिथे जाऊन काय करणार?”

“बघणार.”

“काय बघणार? पाणी?”

“हो. पाणी.”

“पाणी इथल्या सूरसागर तलावातही आहे.”

बोलून गेले आणि स्वतःच उठून गच्चीत गेले. रिफायनरीत चौतीस वर्षं शिफ्टमध्ये काढलेला हा माणूस कधी देवासमोर बसला नव्हता, पण या वर्षात पंचांग त्यांच्या उशाशी आलं होतं. गच्चीतून परत आले ते पंचांग उघडूनच. “यंदा अधिक ज्येष्ठ आहे. तिथी एकतीस ऑगस्टला पडते. तू तारखेला तिकडे जाऊन ये. तिथीला मात्र घरात हवीस.”

असं ते मिटलं, म्हणजे मिटल्यासारखं झालं.

फतेगंजला कुशलचं ऑफिस होतं. तिकिटं, व्हिसा, परदेशातल्या फॉर्मची कामं तो करायचा. चाळिशीचा, मराठीच, पण खुर्चीत बसला की त्याची भाषा अर्धी गुजराती व्हायची.

“आंटी, जुओ, ऑगस्ट एटले तिकडे वावाझोडांचा सीझन. जून ते नोव्हेंबर कोणी फिरायला जात नाही. जानेवारीत जा ने. ऊन मस्त, दरिया शांत. माझं एक कपल गेलं होतं, फोटो दाखवू?”

“वादळं म्हण,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “आणि बार्बाडोस पूर्वेला एका बाजूला आहे. बरीचशी वादळं उत्तरेनं निघून जातात. सगळी नाही.”

“तुम्ही तर माझी पण परीक्षा घ्याल.”

“मला बारा ऑगस्टला पहाटे तिथे असायचं आहे. अकराच्या रात्री पोचले तरी चालेल.” मग त्यांनी दोन वाक्यांत कारण सांगितलं. कुशलनं उघडत आणलेले जानेवारीचे फोटो बंद केले आणि ऑगस्टची विमानं शोधायला घेतली.

तिकीट निघालं. अकराला उत्तररात्री मुंबई, सकाळी लंडन, संध्याकाळी तिथून दुसरं विमान, आणि बेटावरच्या घड्याळाप्रमाणे त्याच रात्री नऊला उतरणार. राहायचं मिसेस गिटन्सकडे. विहंग त्यांच्याच घरात भाड्यानं राहायचा. सत्तरीच्या, एकट्या, निवृत्त नर्स. गेल्या वर्षभरात त्यांनी पाच-सहा निरोप पाठवले होते, प्रत्येकात एकच गोष्ट: त्याची खोली मी अजून कोणाला दिलेली नाही. जुलैच्या मध्यात लंडनचा व्हिसा आला. कपाटात एक हलकी बॅग भरूनसुद्धा झाली.

जुलै संपता संपता कुशलनं त्यांना बोलावलं. “लास्टचं काम आंटी. तिकडचा फॉर्म आपण निघायच्या आधी दोन दिवसांत ऑनलाईन भरू, पण फोल्डर आत्ता बनवून ठेवू. येण्याचं कारण काय लिहू? यात सुट्टी आहे, धंदा आहे, नातेवाईकांना भेटायला आहे. सुट्टी लिहिलं तर प्रश्न कमी.”

“सुट्टी नको.”

“मग भेट लिहितो. पण ऑफिसर विचारेल, एकटी बाई, वादळाच्या दिवसांत, नात्यातलं कोणी नाही, का आली? बोलायला नको वाटलं तर एक कागद पुढे करायचा. विहंगभाईंचं डेथ सर्टिफिकेट. त्याची कॉपी द्या.”

हे त्यानं फोनवर सांगितलंच होतं, म्हणून त्या दिवशी सकाळी त्यांनी निळी फाईल पिशवीत टाकली होती. रमाकांतराव अंघोळीला गेले होते. ऑफिसातही त्यांनी ती उघडली नाही, तशीच कुशलपुढे सरकवली. तो पानं उलटत गेला, थांबला, त्यानं पडद्यावरच्या तिकिटाकडे पाहिलं, पुन्हा कागदाकडे.

“आंटी, तुम्ही बारा म्हणाला होता ने?”

“हो.”

“यात अकरा आहे. अकरा ऑगस्ट. टाइम सव्वासहा. पी.एम.”

सरोजिनीबाईंनी कागद घेतला. इंग्रजी टायपातली ती ओळ त्यांनी बोट ठेवून वाचली, पहिलीतलं मूल वाचतं तशी. बार्बाडोस आपल्या साडेनऊ तास मागे. संध्याकाळचे सव्वासहा म्हणजे इथे बारा तारखेचे पावणेचार. गणित काहीच नव्हतं. वर्गातल्या त्या शेवटच्या अकरा मुलांतल्या कोणीही केलं असतं.

“मी रात्री नऊला उतरतेय,” त्या म्हणाल्या.

“हो.”

“म्हणजे तीन तास उशिरा.”

कुशलनं पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती घेतली नाही. फाईल पिशवीत घातली आणि “उद्या येते” म्हणून उठल्या.

घरी रमाकांतराव वर्तमानपत्रावर गवार मोडत बसले होते. पिशवीतून डोकावणारा निळा कोपरा त्यांना दिसला. हात थांबले नाहीत.

“तुम्हाला माहीत होतं,” सरोजिनीबाई म्हणाल्या.

“सर्टिफिकेट आलं त्या दिवसापासून.”

“मी दर बारा तारखेला चारला उठते.”

“मी जागाच असतो.”

“मग एकदाही बोलावंसं वाटलं नाही?”

रमाकांतरावांनी शेंगेची शीर काढली. “तू म्हणायचीस, नुकतं उजाडत असेल, पाणी शांत असेल. सगळ्यांना तसंच सांगायचीस. मला वाटलं, असू दे. त्यात काय जातंय. संध्याकाळ म्हणून सांगितलं असतं, तर संध्याकाळ रोज येते, सरू.”

“पहाटही रोजच येते.”

त्यांनी खालचं वर्तमानपत्र सारखं केलं.

“आणि तिकीट काढलं तेव्हा? ते तुम्हाला वाचून दाखवलं होतं मी. तारखेसकट.”

“तेव्हा सांगणार होतो. दोनदा तोंडाशी आलं.” त्यांनी मोडलेल्या शेंगा एकीकडे सारल्या. “मग म्हटलं, अंधार पडताना तू त्या किनाऱ्यावर एकटी नको. सकाळची गेलीस तर चार माणसं फिरायला आलेली असतात.”

“म्हणजे तुम्ही ठरवून टाकलंत.”

“हो. ठरवलं.”

“माझ्या मुलाची वेळ.”

“माझाही होता तो,” रमाकांतराव म्हणाले, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज फाटला. थोड्या वेळानं पुन्हा शेंग उचलली. “तिथी चुकलेली नाही. त्या क्षणाला इथे जी तिथी, तीच तिथे. चंद्राला घड्याळं नाहीत. म्हणून तर मी तिथी धरून बसलो. तारखेचं बोलायला गेलो असतो, तर हे असं झालं असतं.”

त्या दिवशी गवार कोणी फोडणीला टाकली नाही.

दुपारभर सरोजिनीबाई बिछान्यावर पडून होत्या. राग नवऱ्यावर होता, पण तो फार वेळ टिकेना; कारण आत दुसरंच काहीतरी मोडत होतं. वर्षभर त्यांनी मुलाला ज्या समुद्रात पाहिलं, तो समुद्र नव्हताच. ताजातवाना उठून, कोवळ्या उन्हात पाण्यात उतरणारा विहंग नव्हता. दिवसभर साइटवर उभा राहून दमलेला होता. ते दमलेपण त्यांनी त्याला कधी दिलंच नव्हतं. अकरा महिने त्यांनी भलत्याच मुलासाठी दिवा लावला असं त्यांना वाटलं, आणि हे मनात आल्याचीच लाज वाटली.

संध्याकाळी त्यांनी मिसेस गिटन्सना निरोप पाठवला. सांभाळून लिहिलेल्या इंग्रजीत एकच प्रश्न: त्या दिवशी काय काय झालं ते वेळेप्रमाणे सांगाल का? आजवर विचारलंच नव्हतं. उत्तर अर्ध्या तासात आलं. पाचला तो कामावरून आला. उकाडा फार होता. चहा घेतला, उभ्यानंच. टॉवेल खांद्यावर टाकला. येताना ब्रेड आणतो म्हणाला. मी सातपर्यंत वाट पाहिली, मला वाटलं दुकानात गर्दी असेल.

सरोजिनीबाईंनी तो निरोप तीनदा वाचला आणि मग फोन रमाकांतरावांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून वाचला. “ब्रेड,” एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी फतेगंजला दोघंही गेले. कुशलनं रात्रीच शोधून ठेवलं होतं. एक दिवस आधी निघता येईल, जागाही आहे. पण त्या दिवशी लंडनहून पुढचं विमान दुसऱ्या सकाळी. रात्रभर विमानतळाच्या आत थांबू देत नाहीत, बाहेर पडावं लागतं, आणि बाहेर पडायचं तर हा व्हिसा चालत नाही, दुसरा काढावा लागतो.

“मिळेल का?” रमाकांतरावांनी विचारलं.

“अंकल, खोटं नाही बोलणार. आज अप्लाय केलं तर पासपोर्ट त्यांच्याकडे जाईल. दहा तारखेच्या आत परत आला तर आला. नाही आला तर हे पण तिकीट गेलं. मग आंटी इथेच.”

“आणि दुसरा काही रस्ता?”

“अमेरिकेवरून. त्याचा व्हिसा तर विचारूच नका. जुओ आंटी, तुम्ही म्हणाल ते करतो. रात्रीत करतो.”

दोघंही सरोजिनीबाईंकडे पाहत राहिले. त्या पडद्याकडे पाहत होत्या. तिथे त्यांचं नाव होतं, आडनाव आधी, आणि त्यापुढे पोचण्याची वेळ. तीन तासांचा उशीर काय, चौदा हजार किलोमीटरचं अंतर काय. त्याच्या वेळेला आपण तेव्हाही नव्हतो, आताही नसणार. कागद कितीही नीट लावले तरी ही एक गोष्ट हाताला लागणार नव्हती.

“राहू दे ते,” त्या म्हणाल्या. “आहे तेच तिकीट ठेव.”

“पक्कं?”

“पक्कं.”

बाहेर आल्यावर रमाकांतराव म्हणाले, “चुकलंच माझं. मेमध्येच बोललो असतो तर जमलं असतं.”

“हो,” सरोजिनीबाई म्हणाल्या. “जमलं असतं.” याहून मऊ उत्तर त्यांना सापडलं नाही, आणि त्यांनी ते शोधलंही नाही. रिक्षात दोघांच्या मध्ये निळी फाईल होती. अर्ध्या रस्त्यात त्यांनी फोन काढला आणि लिहायला घेतलं. शब्द अडायचे, खोडायच्या, परत लिहायच्या. अकरा तारखेला मी रात्री नऊला उतरेन. सव्वासहाला पोचू शकत नाही. त्या वेळी तिथे कोणीतरी असावं असं मला वाटतं. तुम्ही जाल का?

बेटावर तेव्हा पहाटेचे तीन वाजले असतील. उत्तर आलं ते दुपारी उशिरा, हे दोघं जेवून नुकते आडवे झाले असताना. सरोजिनीबाईंनी मोठ्यानं वाचलं, मराठीत करत करत.

“म्हणतात, मी जाईन. शेजारच्या बाईलाही नेईन. बरोबर काय आणायचं असतं तुमच्यात, ते कळवा. फुलं? दिवा?”

रमाकांतराव छताकडे पाहत होते. सरोजिनीबाई फोन ठेवणार, इतक्यात ते म्हणाले, “काही नको म्हणावं. नुसतं उभं राहा म्हणावं.”

त्या लिहू लागल्या.

“आणि सरू.”

“काय?”

“पाण्यात उतरू नका म्हणून लिही.”