अलीदादची आई

अथेन्समधल्या एका तळघरात आस्तारे दर शनिवारी आमच्या बख्तियारी मेंढपाळांच्या डोंगरातल्या गोष्टी सांगते. म्हाताऱ्या बायकांना खोदून खोदून विचारते, वहीत उतरवते, कापडावर चितारते आणि मग सांगते. शोकगीतं मात्र तिनं तिथं कधी गायली नाहीत. मयत नसताना ती गाणं अशुभ. याबाबत आमच्यातले शिकलेसवरलेलेसुद्धा वाद घालत नाहीत.

यंदा फेब्रुवारीत गावी तिची आई गेली. भावांनी कळवलं नाही. अकरा वर्षांपूर्वी मुलगा म्हणून घर सोडलेली आस्तारे त्यांच्या लेखी केव्हाच मेली होती. शेजारच्या कुणीतरी फोन केला म्हणून कळलं. आईला आपल्या तोंडून निरोप द्यावा, एवढंच तिला हवं होतं. पण शोकगीत एकटीनं होत नाही. एकीनं ओळ म्हणायची, बाकीच्या बायकांनी उचलायची. कुणी उचललीच नाही, तर निरोप अर्धा राहतो.

शुक्रवारी दुपारी त्याच तळघरात तिच्या आईच्या दुखवट्याला खजूर, हलवा मांडून झाला आणि आस्तारे खांबापाशी घुटमळली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. बायकांत वडीलकीचा मान बीबी सनोबरचा. तिच्या जिभेला हाड नाही. शनिवारी पुढच्या रांगेत बसून गोष्टी ऐकायची, पण आस्तारेला आपल्या सतरंजीवर तिनं कधी बोलावलं नव्हतं.

"उभी काय राहिलीस? मयत तुझ्या घरचं की माझ्या?" बीबी म्हणाली आणि जरा सरकली.

आस्तारे बसली. आईला लोक काय म्हणून हाक मारायचे, असं बीबीनं विचारलं. आमच्याकडे बाई थोरल्या लेकाच्या नावानं ओळखली जाते. विलापातही तेच नाव घेतात. थोरली आस्तारेच होती. ते मुलाचं जुनं नाव अकरा वर्षांत तिनं उच्चारलं नव्हतं, कुणाला उच्चारू दिलं नव्हतं. पण आई जन्मभर त्याच हाकेला ओ देत आली. ते गिळून टाकलं, तर बोलवायचं कुणाला?

तिनं डोळे मिटले.

"ऊठ गं, अलीदादच्या आई, कळप पुढे गेला."

कुणीच ओळ उचलली नाही. चहाचा समोवार तेवढा खदखदत होता. आपलं चुकलं, इथं बसायलाच नको होतं, असं तिला वाटलं. मग बीबीनं ओढणी कपाळावर ओढली, छातीवर हात मारला आणि चढ्या आवाजात म्हटलं,

"ऊठ गं, आस्तारेच्या आई..."

"आस्तारेच्या आई, कळप पुढे गेला," सगळ्या बायकांनी उचललं.

आस्तारेला हुंदका आवरेना. पुढची ओळ तोंडातून फुटेना.

"म्हण पोरी," बीबी म्हणाली, "आई खोळंबलीय."