समुद्र न बघितलेले बोटीचे वकील

दोन जुने वकील चहाला बसले की केसेस राहतात बाजूला आणि किस्से निघतात. आमच्या वर्गाचे तर निम्मे एकाच विषयाचे, बोटीनं माल नेण्याच्या कायद्याचे. ऐंशीच्या आसपास परभणीत एल.एल.बी. करताना हा पेपर होता, आणि वर्गात समुद्र कुणीच बघितलेला नव्हता. सरांनीसुद्धा!

खोलीवर आम्ही तिघं. मी बोरीचा, बळीराम गोदाकाठचा बागायतदार आणि सुखदेव पूर्णेचा, रेल्वेतल्या गँगमनचा मुलगा. सुखदेवचा हाच एक पेपर राहिला होता. निघाला की तो त्यांच्या वस्तीतला पहिला वकील! त्यामुळं त्याच्या पेपरची काळजी आम्हालाही होती.

*

सर म्हणाले, "बोट निघतानाच प्रवासाला लायक पाहिजे. नसली तर मालक जबाबदार."

बळीराम उठला. "सर, आमच्या गावच्या जीपला हा कायदा लावू नका. जलमभर पायी यावं लागंल!"

*

वादळ, भूकंप म्हणजे देवाची करणी, त्याला वाहतूकदार जबाबदार नाही. हे ऐकून मला चेव आला. वर्गातल्या खोट्या कोर्टात मी गाडीवानाचा वकील होतो. वाटेत गाडीतला गिऱ्हाइकाचा कडबा त्याच्याच म्हशीनं खाल्ला होता. मी ठोकून दिलं, "म्हैस देवानं घडवली, माय लॉर्ड!"

जज्ज झालेले सर म्हणाले, "म्हैस देवाची, दावं तुमचं!" केस गेली.

*

माल वेळेत उतरवला नाही की डॅमरेज, म्हणजे खोळंब्याचा दंड, बसतो. खानावळीत भाकरीला उशीर झाला तसा बळीराम ओरडला, "मावशी, गाडी कवाची उभी हाय, डॅमरेज लागंल!"

मावशी आतून म्हणाली, "लागू दे. तुजा माल दुसऱ्या ताटात उतरवते!"

*

सुखदेवचा डबा पूर्णेहून पॅसेंजरनं यायचा. रिकामा डबा परत गेला की तीच पोच. एकदा वडील स्वतःच आले. म्हणाले, "भाकरी पोचायलीय, ते कळायलंय. अभ्यास पोचायलाय का, तेवढं सांग."

सुखदेव त्या दिवशी जेवला नाही. नुसता वाचत बसला.

*

आता शेवटचा. सर जनरल अ‍ॅव्हरेज शिकवत होते. वादळात बोट वाचवायला कुणाचा तरी माल समुद्रात टाकतात आणि ते नुकसान सगळे मिळून भरतात.

सुखदेवनं विचारलं, "कुणाचा टाकायचा, हे कोण ठरवतं?"

"कप्तान."

"कप्तान कोणत्या गल्लीतला असतो, सर?"

गावोगाव विद्यापीठाच्या नामांतरावरून माणसं तुटत होती तेव्हा. सरांनी खडू खाली ठेवला.

परीक्षेआधी आम्ही अभ्यासाला बळीरामच्या मळ्यावर गेलो. पेपरच्या दिवशी सकाळी ओढा भरला, आणि परभणीची बस पलीकडच्या काठावरून. गूळ करायची मोठी काहील पाण्यात लोटून आम्ही निघालो. वल्हं बळीरामच्या हातात, सोबत त्याचे काका. मध्यावर काहिलीत पाणी यायला लागलं.

काका म्हणाले, "भार लय झालाय. त्या पूर्णेकराचं गाठुडं टाका!"

गाठुड्यात सुखदेवची सगळी पुस्तकं होती. त्यानं ते छातीशी धरलं. तेवढ्यात बळीरामनं वल्हं माझ्याकडं दिलं, स्वतःची ट्रंक उचलली आणि पुस्तकांसकट ओढ्यात सोडली.

काठावर उतरलो. सुखदेवनं गाठुडं उघडलं, निम्मी पुस्तकं बळीरामच्या हातात दिली आणि म्हणाला, "कप्तानानं सोताचाच माल टाकायचा, असं पुस्तकात कुटंच न्हाई."

"मंग तुमी लिवा की, वकीलसाहेब!" बळीराम म्हणाला. "चला, बस आली!"