घसाऱ्याची परवानगी

माझ्या मावशीच्या यजमानांइतका सरळ माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि अशा माणसाचा कर सल्लागार होण्याइतकं डोकेदुखीचं कामही दुसरं नसेल. काका मूळचे खर्ड्याचे; नागापूरला त्यांचं लेथ मशीनचं छोटं वर्कशॉप. रस्त्यात एखादा नट सापडला, तरी आजूबाजूच्या चार शेडमध्ये "ह्यो तुमचा का?" असं विचारत फिरतील.

गेल्या वर्षी माल पोचवायला त्यांनी कर्जावर टेम्पो घेतला. विवरणपत्र भरताना मी सहज म्हणालो, "काका, टेम्पोचा घसारा मिळेल. गाडी वापरून तिची किंमत उतरते, ती दरवर्षी धंद्याचा खर्च म्हणून दाखवायची. तेवढा कर कमी. कर्जाचं व्याजही खर्चातच."

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "आरं, पन हप्ते फिटायचेत की! कर्जवाल्यांच्या गाडीचा घसारा म्या कसा खायचा?"

गाडी तुमच्याच नावावर आहे, कर्ज असलं तरी पूर्ण किमतीवर घसारा मिळतो, हे मी तीनदा समजावलं. काकांनी तीनदा मान हलवली आणि उठून थेट गेले ते कर्ज देणाऱ्यांच्या कचेरीत. मॅनेजरला हात जोडून म्हणाले, "सायेब, गाडी घासलीय म्हनून सरकारला लिहून देतोय. तुमची परवानगी आसावी."

तासाभरात दोन माणसं मोटारसायकलवरून वर्कशॉपला हजर, गाडी कुठं आपटली ते बघायला! टेम्पोच्या सीटवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं. ते दोघे खाली झोपून ओरखडा शोधत होते आणि काका त्यांना मोबाईलचा उजेड दाखवत होते. शेवटी मॅनेजरची समजूत मला फोनवरून घालावी लागली.

दुसऱ्या दिवशी काका पुन्हा आले, हातात वही. "समदी गाडी काय धंद्यासाठी फिरत न्हाई. घरच्या खेपा ह्यात लिहिल्यात. तेवढा घसारा काप."

खाजगी वापरापुरता घसारा कमी होतो, हा नियमच आहे. पण तो स्वतःहून कमी करून मागणारा अशील मी पहिल्यांदाच बघत होतो. हसत हसत वही उघडली. ना लग्नाची खेप, ना बाजाराची. पानामागून पान, दर मंगळवारी एकच ओळ : 'हिला घेऊन दवाखाना. जाऊन-येऊन चौदा किलोमीटर.'

"काका... मावशीला काय झालंय?"

त्यांनी वहीचा दुमडलेला कोपरा सरळ केला. "छातीत गाठ हाय. किमो चालू हाय. कुनाला सांगू नको म्हनली, न्हाई सांगितलं. पन वहीत तर लिहावंच लागतंय ना?"

मी खेपांची बेरीज केली, घसारा कापला. काकांनी सही केली आणि दारापर्यंत जाऊन थांबले.

"संध्याकाळच्याला ये घरी. कसं काय कळलं म्हनून तिनं इचारलं, तर काय सांगशील?"

"खरं तेच सांगेन, काका."

"व्हय," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना ते उत्तर फारसं आवडलेलं दिसलं नाही.