दार उघडायची वेळ

त्या सकाळी धुकं एवढं दाट होतं की हॅलोमामांना स्वतःच्याच हातगाडीचं पुढचं चाक दिसेना. थंडीत वायरी ताठरतात, वेटोळं सोडत नाहीत. "रुसलेल्या जावयागत करताय की रे," असं पुटपुटत मामांनी सभागृहात एकेक वायर गुडघ्याखाली दाबून सरळ केली, कर्णे टांगले आणि माइकला तोंड लावलं, "हॅलो, हॅलो." याच दोन शब्दांवरून लोकांनी त्यांचं बारसं केलेलं.

मामांचा धंदा माइक-स्पीकर भाड्यानं द्यायचा. हल्ली लग्नांपेक्षा शोकसभा जास्त. कुणी गायक, वादक, सिनेमावाला गेला की तिसऱ्या दिवशी स्मृती समितीच्या अध्यक्षांचा फोन, "मामा, मोठी पोकळी झाली. चार कर्णे, दोन माइक." कधीही भरून न येणाऱ्या अशा नऊ पोकळ्या या वर्षात झाल्या होत्या, आणि दर खेपेला खुर्च्या तेवढ्याच लागल्या होत्या.

वक्तेही ठरलेले. गेलेल्याबद्दल बोलायला उठायचे आणि तिसऱ्या वाक्याला स्वतःवर यायचे. "ते मला म्हणाले होते, तुमच्यासारखा जाणकार मी पाहिला नाही." गेलेला माणूस उठून 'असं मी कधी म्हणालो?' विचारत नाही, ही केवढी सोय! शेवटी दोन मिनिटं स्तब्धता. मामांनी एकदा घड्याळ लावून बघितलं, अडतीस सेकंद भरले. अध्यक्ष माइकवर खाकरले की स्तब्धता संपली, अशी रीतच पडलेली. ते खाकरेपर्यंत कुणी मान वर काढायचं नाही, आणि खाकरल्यावर कुणी थांबायचं नाही.

आजची पोकळी एका म्हाताऱ्या संगीतकाराची होती. त्यांची बायको सगळ्यांच्या आधी आली आणि तिनं मामांच्या हातावर एक पेन ड्राइव्ह ठेवला.

"मामा, भाषणं कितीही होऊ द्यात. एवढं मात्र पूर्ण वाजवा. पंचवीस आठवडे चाललेला तो सिनेमा आठवतो? त्याचं शेवटचं संगीत आहे, पडद्यावर नावं चढतात तेव्हाचं. तीनच मिनिटं. यांचा सगळा जीव त्यात होता. म्हणायचे, एवढं लिहिलं आणि लोक त्यावर चपला शोधत बसले."

मामांना त्या थंडीत घाम फुटला. माइकच्या आधी अकरा वर्षं ते, तो सिनेमा लागलेल्याच थेटरात, डोअरकीपर होते. पहिलं नाव चढलं की दाणकन कडी काढायची, दारावरचा पडदा सारायचा आणि ओरडायचं, "चला चला, पुढचा शो आहे!"

"वहिनी," ते खाली बघत म्हणाले, "ते दार मीच उघडायचो."

वहिनींनी मामांची बोटं पेन ड्राइव्हवर मिटवली. मग म्हणाल्या, "तर मग आज तुम्हीच बंद ठेवा."

कार्यक्रमपत्रिकेत संगीत शेवटी होतं, तेरा वक्त्यांनंतर. सभागृह बारापर्यंतच मिळालेलं. आठव्या वक्त्यानं गेलेल्यांना आपण सुचवलेल्या चाली गाऊन दाखवल्या. अकराव्यानं स्वतःचा सत्कार कसा झाला ते सांगितलं. बारा वाजायला पाच मिनिटं असताना अध्यक्ष उठले.

"वेळेअभावी संगीताचा कार्यक्रम आपण रद्द करतोय. त्यांचं संगीत तसंही आपल्या हृदयात आहेच. दोन मिनिटं स्तब्ध उभं राहू."

पहिल्या रांगेत वहिनींनी मान वळवून मागे पाहिलं.

सगळे उभे राहिले, माना खाली गेल्या. मामांचं यंत्र मागच्या दाराशीच होतं. त्यांनी आधी माइकचं बटण बंद केलं, मग दाराला कडी घातली आणि संगीत सोडलं.

आधी कुणाला काही वावगं वाटलं नाही. अडतिसाव्या सेकंदाला अध्यक्ष खाकरले. माइक मेलेला, आवाज दुसऱ्या रांगेपर्यंतही गेला नाही. ते पुन्हा खाकरले, माइकवर टिचकी मारली. दीडशे माना तशाच खाली. स्तब्धतेत बोलावं कसं? तेही गप झाले. एक वक्ता चोरपावलांनी दाराकडे आला.

"मामा, मला दुसरी शोकसभा गाठायचीय," तो कुजबुजला.

"गाठाल की. तेही काही पळून जात नाहीयेत."

मग व्हायोलिनं एकेक करून थांबत गेली. उरली एकच बासरी, घरातली सगळी निजल्यावर दिवे मालवत फिरणाऱ्या बाईसारखी दबकत चाललेली. मामांनी हे कधी ऐकलंच नव्हतं. इथपर्यंत यायच्या आतच त्यांनी पंचवीस आठवडे रोज चारदा दार उघडलेलं.

बासरी थांबली. तरी कुणी हललं नाही. खाकरायचं राहिलंच होतं ना!

वहिनी डोळे पुसत मागे आल्या. "उघडा मामा आता."

मामांनी कडी काढली, ती मात्र अगदी आवाज न करता.

गर्दी ओसरल्यावर अध्यक्ष जवळ आले. मामांना वाटलं, आता झाडणार.

"मामा, लोकांना फार आवडलं. सगळे मला म्हणतायत, अध्यक्ष, काय कल्पना होती तुमची. मीही म्हटलं, सुचली आपली."

"पुढच्या पोकळीलाही सुचू द्या, साहेब."

बाहेर धुकं विरून ऊन पडलं होतं. वायरी आता मऊ झाल्या होत्या. मामा जमिनीवर मांडी घालून बसले आणि कोपर ते अंगठा, कोपर ते अंगठा, एकेक वायर गुंडाळू लागले.